चिखलाबाई आणि एक मानवी हस्तक्षेप

एका बाईची तीन वर्षांची मेहनत मी एका सकाळी मुळासकट उपटून टाकली. मजूर बारा होते, चहा दोनदा झाला, भजी एकदा. काम आटोपल्यावर मी तळ्याच्या काठावर उभी राहून फोटोही काढून घेतला. तो फोटो अजून आमच्या घरी आहे आणि नातीला फार आवडतो. "आजी, इसमें आप कितनी खुश लग रही हो," असं ती दर दिवाळीच्या साफसफाईत म्हणते. खरंच आहे. मूर्खपणा करताना मी जितकी प्रसन्न दिसते, तितकी माझ्या लग्नाच्या फोटोतही दिसत नाही.

ज्यांची ती तीन वर्षं होती त्या चिखलाबाई. हे नाव पाठीमागचं. तोंडावर आम्ही सगळे 'मॅडम' म्हणायचो. परदेशातून डॉक्टरेट घेऊन आलेल्या, तळ्यांच्या शास्त्रज्ञ, मूळच्या वऱ्हाडातल्या, आणि पोटऱ्यांपर्यंत कायम चिखलाने माखलेल्या. छत्तीसगढीत चिखलाला चिखलाच म्हणतात, म्हणून गावातल्या बायकांनी त्यांना 'चिखला मैडम' केलं. आमच्या ऑफिसातल्या मराठी मंडळींनी त्याचं चिखलाबाई केलं. त्यांना दोन्ही नावं ठाऊक होती. गावातल्या नावाला त्या ओ द्यायच्या, आमच्याला नुसत्या हसायच्या.

छत्तीसगढ राज्य तेव्हा नवं होतं आणि राजधानी रायपूर तर त्याहून नवी. शंकर नगरात एखादा बंगला रिकामा दिसला, की आठवड्याभरात त्याच्यावर कुठल्या तरी कार्यालयाची पाटी चढायची. आमचं तळ्यांच्या अभ्यासाचं सरकारी केंद्रही तसंच. हॉलमध्ये संचालक, देवघरात टायपिंग, न्हाणीघरातल्या टबात भोपाळहून आलेल्या फायली, आणि स्वयंपाकघरात चिखलाबाईंची प्रयोगशाळा. मी तिथे कार्यालय अधीक्षक होते. तात्यापारा या मराठी वस्तीत जन्मलेली, नवरा रेल्वेत, टायपिंग तीन भाषांत, अक्षर मोत्यासारखं, आणि मराठी मंडळाच्या रांगोळीत दर वर्षी पहिला नंबर. वय बेचाळीस. या वयापर्यंत बाईला अक्कल येते असं म्हणतात. मला साडीवर मॅचिंग पर्स आली होती.

त्या पहिल्या दिवशी आल्या तेव्हा मी नुकतीच फरशी फिनाइलने दोनदा पुसून घेतली होती. बाई चपला हातात धरून आत शिरल्या आणि दारापासून माझ्या टेबलापर्यंत पावलं उमटवत आल्या. लक्ष्मीची पावलं काढायला मला आवडतं, पण ती रांगोळीची. मी शक्य तितक्या गोड आवाजात म्हटलं, पाय धुऊन आलात तर बरं होईल. त्यांनी समोरच्या खुर्चीवर बसून एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर घेतला, पिशवीतून भिंग काढलं आणि घोट्याजवळ रोखून पाहत म्हणाल्या, "धुतले असते वं, पण याच्यात गोगलगायीची अंडी आहेत. मोजू दे पहिले." आणि मोजली. पाहुण्यांच्या खुर्चीत बसून, संचालकांच्या देखत.

चिखलाचा वास घेणं ही त्यांची रोजची पूजा होती. मुठीत चिखल घ्यायचा, नाकाशी न्यायचा, डोळे मिटायचे. मग तोच हात शेजारच्या माणसापुढे. आमचे संचालक अत्तराचा फाया कानात घालणारे गृहस्थ. त्यांच्याही नाकापुढे तो हात गेला. "घ्या वास. आंबूस येते का कुजका?" आंबूस असेल तर तळं जिवंत, कुजका असेल तर त्याचा जीव घुसमटलेला, हे हळूहळू आम्हा सगळ्यांना पाठ झालं. मी मात्र रुमालातून वास घ्यायची. रुमालाला लॅव्हेंडर लावलेलं असायचं. त्यामुळे छत्तीसगढातलं कुठलंही तळं मला लॅव्हेंडरचंच वाटे.

दुसरी सवय म्हणजे त्यांचा प्रश्न. समोर काहीही ठेवा, त्या विचारायच्या, "याले कोण खाते?" पाण्यातल्या शेवाळाच्या हिरव्या तारेला कोण खातं, त्या खाणाऱ्याला कोण, त्याला कोण, असं करत करत गाडी अभनपुरच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बाईच्या टोपलीपर्यंत आल्याशिवाय थांबायची नाही. एकदा सचिवालयातून एक जाडजूड फाइल आली. बाईंनी तिच्यावर बोट ठेवून सवयीने विचारलं, याले कोण खाते? आमच्या वयस्क चपराशाने गंभीरपणे सांगितलं, "दीमक, मैडम." म्हणजे वाळवी. बाई इतक्या खूश झाल्या की दिवसभर त्याला गुरुजी म्हणत होत्या.

हा प्रश्न त्यांना कुठे सापडला ते त्यांनी मला जीपमध्ये सांगितलं होतं. तरुणपणी त्या पाण्यातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांवर काम करायच्या. कुठल्याशा गावात तळ्याच्या काठावर सूक्ष्मदर्शक लावून बसल्या असताना एका कोळिणीने, मलाही बघू दे, म्हणून डोळा लावला. बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, इतके सगळे आहेत होय, मग यांच्यातून आमच्या ताटात काय येतं? बाई म्हणाल्या, "शालू, माह्या साऱ्या शिक्षणात हे मले कोणी विचारलं नव्हतं. मले उत्तरच येत नव्हतं." मग चाळिशीला आलेल्या या बाईंनी अर्थशास्त्राची पुस्तकं उघडली. तळं जिवंत कशानं राहतं आणि त्याच्या काठची माणसं कशावर जगतात, हे एकाच वहीत लिहायचं, असं त्यांनी ठरवलं. परिणाम असा झाला, की जीवशास्त्रवाले म्हणायला लागले ही बाजारात गेली, आणि अर्थशास्त्रवाले म्हणायला लागले हिला चिखलाचा वास येतो. दोन्ही पंगतींत त्यांचं पान मांडलेलं नसे. मोठ्या बैठकांच्या जेवणाच्या सुट्टीत हे अक्षरशः खरं व्हायचं. सगळे पनीर घ्यायला रांगेत, आणि या कोपऱ्यात आपला डबा उघडून बासी खात बसलेल्या. रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला, वर मीठ, सोबत कांदा. पाहुणे तज्ज्ञ पाहायचे, मी शरमेने पदर सावरायची. आता मीही उन्हाळाभर तेच खाते आणि सुनेला त्याचे फायदे सांगते.

माझा स्वभाव टापटिपीचा, त्यांचा नमुने जमवण्याचा. हे दोन स्वभाव एका स्वयंपाकघरात नांदणं कठीणच होतं. एकदा त्या दौऱ्यावर असताना मी त्यांच्या ओट्यावरच्या वास मारणाऱ्या सोळा बरण्या ओतून, साबणाने घासून, उन्हात वाळवून, उंचीप्रमाणे लावून ठेवल्या. वर झाकणांना रंगीत कापडसुद्धा बांधलं. त्या आल्या, बरण्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. "तुह्या हातात लय स्वच्छता आहे शालू," एवढंच म्हणाल्या. मी ते कौतुक समजून घरी सांगितलं. नवरा हसला. तो का हसला ते मला तेव्हा कळलं नाही.

आता त्या तळ्याकडे येते. अभनपुरच्या पुढे एक गाव होतं आणि त्या गावात मोठी तरिया होती. तरिया म्हणजे तळं. गावाने ती पंचायतीमार्फत दहा वर्षांच्या भाडेपट्ट्यावर द्यायची होती. एका बाजूला ठेकेदार होता. तो काठ खरवडून काढणार, झटपट वाढणारे मासे सोडणार, त्यांना बाहेरचं खाद्य घालणार आणि तारेचं कुंपण घालणार. दुसऱ्या बाजूला केवटांच्या, म्हणजे तिकडच्या कोळ्यांच्या, बावीस बायकांचा गट होता. त्यांची म्होरकी बिसाहिन, पंचेचाळिशीची, काळीसावळी, कमी बोलणारी. या बायका पिढ्यान् पिढ्या त्या तळ्यातून कमळाचे देठ काढायच्या, त्यांना तिकडे ढेंस म्हणतात; करमत्ता नावाची पाण्यातली भाजी खुडायच्या, शिंगाडे लावायच्या, बारीक मासळी धरायच्या. तळं ठेकेदाराकडे गेलं असतं तर त्यांना कुंपणाबाहेरून बघत बसावं लागलं असतं.

चिखलाबाईंनी त्या बायकांबरोबर तीन वर्षं तळ्याचा पूर्वेकडचा काठ जपला होता. कुठे काय लावायचं, कुठे काय आपोआप येऊ द्यायचं, कुठल्या महिन्यात काय खुडायचं, सगळं बायकांनी सांगायचं आणि बाईंनी वहीत लिहायचं. त्या काठाच्या गवतात मासे अंडी घालायचे, मुळं पाणी गाळायची, आणि वरून भाजी निघायची. हा काठ दाखवूनच त्या सरकारला म्हणणार होत्या, की तळं या बायकांकडे राहिलं तर तळंही जगेल आणि त्याही जगतील. त्यासाठी रायपूरहून एक मोठे साहेब स्वतः पाहायला येणार होते. त्यांनी शिफारस केली असती तर ग्रामसभेत पुढचं सोपं होतं.

साहेब यायच्या आदल्या दिवशी बाई नागपूरला पाण्याच्या तपासणीचे निकाल आणायला गेल्या होत्या. साहेबांच्या स्वागताची जबाबदारी माझ्यावर होती. मी जीप घेऊन तयारी पाहायला गेले आणि त्या काठाकडे पाहून मला घाम फुटला. कंबरेएवढं गवत, त्यात वेली, पाण्यावर पसरलेली पानं, मधूनच बगळे. मनात आलं, एवढा मोठा अधिकारी येणार, आणि आम्ही त्याला हे रान दाखवणार? माझ्या ताब्यातल्या बंगल्यात कोपऱ्यात जाळं दिसलं तरी मी माणूस धाडायची. मी अभनपुरच्या चौकातून बारा मजूर आणले आणि कामाला लावले.

बिसाहिन आणि पाच-सहा बायका धावत आल्या. मैडमने हात लावायला मना केलंय, असं सांगायला लागल्या. माझा पारा चढला. चिखलात राहणाऱ्या बायका मला स्वच्छता शिकवणार होत्या. वाद घालायला वेळ नव्हता, म्हणून मी सर्वांत सोपं वाक्य वापरलं. म्हटलं, "मैडम ने ही कहा है." बायका मागे सरकल्या. बिसाहिनने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि मजुरांसाठी वाट सोडली. त्या नजरेचा अर्थ मी तेव्हा असा लावला, की बिचारीला माझी साडी आवडली.

दुपारपर्यंत काठ तुळतुळीत झाला. मी दोन्ही बाजूंनी चुन्याची रेघ मारून घेतली, मध्ये रांगोळी काढली, त्यात कमळ काढलं. खरी कमळं मागे ढिगात पडली होती. मग तो फोटो.

दुसऱ्या सकाळी चिखलाबाई नागपूरहून थेट गावात उतरल्या. त्यांच्या मागोमाग साहेबांची गाडी. बाई काठावर आल्या आणि थांबल्या. मी हसत पुढे गेले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला काय म्हणावं ते मला अजून जमलेलं नाही. दवाखान्यातून घरी परत आल्यावर आपलं घरच नाहीसं झालेलं दिसावं, असं काहीतरी. तेवढ्यात साहेब म्हणाले, वा, किती सुंदर ठेवलंय, असं सौंदर्यीकरण सगळ्या तळ्यांचं व्हायला पाहिजे. त्यांनी माझ्या रांगोळीचंही कौतुक केलं. सौंदर्यीकरण हा शब्द मी आयुष्यात इतक्या आनंदाने आणि इतक्या चुकीच्या ठिकाणी कधी ऐकला नव्हता.

बायका रांगेत उभ्या होत्या. बिसाहिनने सरळ विचारलं, "तुमन कहे रहेव का, मैडम?" तुम्हीच सांगितलं होतं का, असं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. आता माझ्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असणार, आणि बाई तर भिंगाशिवायही बारीक वाचायच्या. त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. चपला काढल्या, साडी खोचली आणि पाण्यात उतरून तळाशी हात घालून मुळं चाचपायला लागल्या. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि ते गेले.

परतीच्या वाटेवर जीपने अभनपुर गाठलं. मी मनात माफीची तीन वाक्यं जुळवली होती, तिन्ही चांगल्या मराठीत. ती काढायच्या आतच बाई म्हणाल्या, "काही ठिकाणी मुळं राहिली आहेत. उद्या सकाळी सहाला ये. जुनी साडी नेस."

मी गेले. रोज नाही, पण सुट्टीच्या प्रत्येक दिवशी. त्या उन्हाळ्यात मला माझ्या शरीराला गुडघे आहेत हे नव्याने कळलं. केवटांच्या बायकांच्या रांगेत मी एकटीच अशी, जी रोप लावताना आधी काठाशी समांतर ओळ आखायची. त्या माझी ओळ पाहून हसायच्या आणि रोपं पाण्याला जिथे हवी तिथे लावायच्या. माझी मेली, त्यांची धरली. पण त्या वर्षी काठ काही उभा राहिला नाही. एप्रिलमध्ये पाणी हिरवंगार झालं, मेमध्ये त्याला वास यायला लागला, आणि मग मासे वर येऊन तोंड उघडायला लागले. या वेळी मी रुमाल वापरला नाही. कुजका होता.

चिखलाबाई रोज पाणी तपासत होत्या, रोज लिहीत होत्या. काठ होता तेव्हा काय होतं आणि काठ गेल्यावर काय झालं, याचा असा हिशेब त्यांच्याकडे आला, की जो मागून कोणी दिला नसता. गावाचं तळं मुद्दाम बिघडवून बघायला त्यांना कोण परवानगी देणार होतं? ती परवानगी मी परस्पर दिली होती. त्यांनी अहवाल सांगितला, मी देवघरात बसून टाइप केला. एका वाक्याशी माझी बोटं थांबली. 'फेब्रुवारीमध्ये मानवी हस्तक्षेपामुळे पूर्व काठावरील वनस्पती नष्ट झाल्या.' मानवी हस्तक्षेप, हे दोन शब्द मी पुन्हा वाचले. शाळेपासून रांगोळीपर्यंत माझं नाव अनेक ठिकाणी छापून आलं होतं. शास्त्रात मी या नावाने आले. धीर करून विचारलं, मॅडम, मानवी म्हणजे कुणाचा, ते लिहायचं का? त्या खिडकीतून बाहेर पाहत म्हणाल्या, "शास्त्रात नाव लिहीत नाहीत शालू. नाव गावात सांगायचं असते."

मी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि पुढचा परिच्छेद टाइप केला. खरं सांगायचं तर मला वाटत होतं, की आता सांगण्याची गरज उरली नाही. बायका चिखलाबाईंशी पूर्वीसारख्याच वागत होत्या, त्यांच्यासाठी बासी राखून ठेवत होत्या. किती भोळ्या आहेत या, असं मी नवऱ्याला सांगितलं. मैडमनेच उपटायला लावलं असं वाटूनही किती लवकर विसरल्या. नवरा म्हणाला, "तू काहून सांगून नाही टाकत मग?" मी म्हटलं, भरल्या जखमेची खपली कशाला काढायची. मला त्या काळी अशी सुरेख वाक्यं सुचायची.

जखम भरलेली नव्हती हे ग्रामसभेत कळलं. जूनच्या तोंडावर, शाळेच्या वऱ्हांड्यात सभा भरली. सगळं गाव होतं, आणि तळ्याचा वास तिथपर्यंत येत होता. ठेकेदाराच्या माणसाने उभं राहून सांगितलं, की बघा, ज्या बाई म्हणत होत्या काठाला हात लावू नका, त्यांनीच तो उपटवला आणि तुमची तरिया सडवली. अशांच्या नादी लागलेल्या गटाला दहा वर्षांसाठी तळं देणार का? पुरुष माना डोलवायला लागले. सरपंचांनी बाईंना विचारलं, तुमच्या सांगण्यावरून झालं का हे? बाई भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, काम आमच्या केंद्राचं होतं, जबाबदारी माझी. वऱ्हांड्यात जी कुजबुज झाली, तिच्यात बावीस बायकांचं तळं ठेकेदाराकडे सरकताना मला दिसत होतं.

बिसाहिन माझ्यापासून दोन हातांवर होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. कोणीच बघत नव्हतं. बघितलं असतं तर बरं झालं असतं, निदान कोणी ढकललं असं म्हणता आलं असतं. मी उठले. तीन भाषांत टायपिंग येणारी बाई, एका भाषेत धड बोलता येईना. "वो मैंने किया था," मी म्हटलं. "मैडम नागपूर में थीं. उनको पता नहीं था. मैंने उनका नाम झूठा लिया." एवढं बोलून मी थांबले आणि गाव हादरण्याची वाट पाहिली.

गाव हादरलं नाही. सरपंच म्हणाले, ठीक है, बैठिए. पुरुषांमध्ये दोघे-तिघे ठेकेदाराच्या माणसाकडे वळून काहीतरी विचारायला लागले. बायकांमध्ये एकीने पदर सारखा केला, एकीने लेकराच्या तोंडावरची माशी हाकलली. चिखलाबाई जमिनीवर बोटाने काहीतरी रेघोट्या काढत होत्या. मग हात वर झाले, मोजले गेले, आणि तरिया बायकांना मिळाली. सभा पुढच्या विषयावर गेली, हातपंपाच्या. मी घरी आले ती दुखावूनच. आयुष्यात एकदा इतकं खरं बोलले आणि कोणी साधा उसासाही टाकला नाही.

काठ उभा राहायला आणखी दोन वर्षं लागली. त्या काळात चिखलाबाईंना दिल्लीहून मोठ्या पदाचं बोलावणं आलं होतं, ते मला फार उशिरा कळलं. तीन वर्षांच्या त्या कामाच्या जोरावर आलेलं, आणि ते काम पुरं झालं नाही म्हणून त्यांनी नाकारलेलं. आमच्यापैकी कोणाला त्या बोलल्या नाहीत. दोन वर्षांनी ढेंस पुन्हा बाजारात जायला लागली, तेव्हा त्या पूर्वेकडच्या एका मोठ्या सरोवरावर काम करायला निघाल्या. स्टेशनवर मी शाल आणि नारळ घेऊन गेले. त्यांनी नारळ घेतला, शाल परत केली आणि मागितलं काय, तर आमच्या ऑफिसातल्या रिकाम्या बरण्या. गाडी सुटताना खिडकीतून म्हणाल्या, "घासू नको फक्त. तशाच धाड."

मी सोळाच्या सोळा पाठवल्या, न घासता. पोहोचल्याचं पत्र आलं, त्याला वाळलेला चिखल लागलेला होता. त्यानंतर दर वर्षी एखादं पत्र यायचं. त्यात तब्येतीचं कधीच काही नसे. कोण कोणाला खातं तेवढंच. म्हणून एका पावसाळ्यात त्यांच्या एका सहकाऱ्याचा फोन आला, तेव्हा मला आधी कळेचना की हा काय सांगतोय. सहा महिने आजारी होत्या म्हणे. शेवटपर्यंत काठावरच्या झोपडीत राहिल्या, दवाखान्यात यायला तयार नव्हत्या.

गावात फोन करून सांगणं मला बरं वाटेना. मी बस पकडून गेले. माझे केस तोवर पांढरे झाले होते, बिसाहिनचेही. ती पूर्वेकडच्या काठावर बसून करमत्त्याच्या जुड्या बांधत होती. मी सांगितलं. तिच्या हातातली जुडी तशीच राहिली. मी तिच्याशेजारी काठावर बसले. आणि मग, इतक्या वर्षांनी, अशा वेळी विचारू नये ते मी विचारलं. म्हातारपणी लाज कमी होते, हा त्याचा एकच फायदा. मी विचारलं, बिसाहिन, त्या दिवशी ग्रामसभेत मी एवढं बोलले, तुम्हा बायकांपैकी एकीलाही आश्चर्य कसं वाटलं नाही?

तिने जुडीला गाठ मारली, ती टोपलीत ठेवली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "हमन तो उही दिन जान डारे रहेन, दीदी." त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. " मैडम ला पूछेन, अब का करबो? मैडम कहिस, हमर बात ला कोनो नइ मानय, ओ खुदे कहिही." आपलं कोणी ऐकणार नाही, मी स्वतःच कबूल करीन, असं मॅडम म्हणाल्या होत्या. " हमन पूछेन, अउ नइ कहिस तो? मैडम कहिस, तो तरिया गय."